साताऱ्याची मतपेटी आणि दोन महासत्ता

१/
‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला’ हे वाक्य महाराष्ट्रातील बहुतेकांनी शाळकरी वयातच ऐकलेले असते. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवाच्या छायेत पंडित नेहरूंनी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलावले, तेव्हापासून ते रूढ झाले. वाक्य देखणे आहे. मात्र त्याच्या देखणेपणामुळे यशवंतरावांची खरी कामगिरी झाकली गेली.

२/
सह्याद्री धावला म्हटले की डोळ्यांसमोर घोडा, तलवार आणि रणांगण उभे राहते. प्रत्यक्षात यशवंतरावांची पुढली वर्षे मोठ्या अंशी वाटाघाटींत गेली : वॉशिंग्टन, मॉस्को, लंडन, ताश्कंद आणि पुढे परराष्ट्रमंत्री म्हणून जगातील अनेक राजधान्या. कृष्णाकाठच्या निवडणुकांत घडलेला हा नेता दोन महासत्तांच्या मधोमध कसा उभा राहिला, त्याच्या मतदारांनी त्याला काय दिले आणि त्याच्याकडून काय मागायचे राहून गेले, हा या थ्रेडचा विषय.

३/
आधी थोडा भूगोल. यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्रे गावचा. त्यांच्या जन्मकाळी, १९१३ मध्ये, हे गाव सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये सातारचे दोन भाग होऊन ‘दक्षिण सातारा’ हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. म्हणून जन्मगाव आज सांगलीत, तर शिक्षणाचे आणि राजकारणाचे गाव कराड साताऱ्यात. दोन्ही जिल्हे त्यांना आपले मानतात आणि दोघांचेही खरे आहे.

४/
या मुलखाला जगाचे राजकारण परके नव्हते. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात, कारण पहिल्या महायुद्धात या एकाच गावचे ४६ जवान कामी आले. युरोपातील राजवाड्यांत झालेल्या निर्णयांची किंमत कृष्णा-वेण्णेच्या खोऱ्यातील घरांनी चुकती केली होती. देशातील पहिली सैनिक शाळाही जून १९६१ मध्ये साताऱ्यातच उघडली गेली. परराष्ट्रनीती हा दिल्लीतील विद्वानांचा विषय आहे, असे निदान या जिल्ह्याने तरी म्हणू नये.

५/
दुसऱ्या महायुद्धाने इथल्या तरुणांपुढे अवघड प्रश्न टाकला. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर स्वारी केली आणि कम्युनिस्टांच्या दृष्टीने ते ‘लोकयुद्ध’ ठरले. मानवेंद्रनाथ रॉय यांनीही फॅसिझमविरोधी लढा म्हणून ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नाला पाठिंबा दिला. तरुण यशवंतरावांवर रॉय यांच्या विचारांचा प्रभाव होता. तरीही युद्धाच्या प्रश्नावर ते रॉय यांच्यापासून दूर झाले आणि १९४२ च्या लढ्यात भूमिगत झाले. जगाच्या मांडणीपेक्षा पायाखालच्या जमिनीचा प्रश्न त्यांनी आधी धरला.

६/
त्याच जमिनीवर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. १९४३ ते १९४६ या काळात कुंडलपासून वाळव्यापर्यंत आणि कराडपासून कोरेगावपर्यंत अनेक गावांत लोकांनी स्वतःचा न्याय आणि स्वतःची व्यवस्था चालवली. स्वातंत्र्यानंतर वाटा फुटल्या. यशवंतराव काँग्रेसमध्ये राहिले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षात आणि नंतर कम्युनिस्ट पक्षात गेले. एकाच लढ्यातून आलेली ही दोन माणसे शीतयुद्धाच्या काळात दोन वेगळ्या झेंड्यांखाली उभी होती.

७/
मग १९५७ ची निवडणूक आली. साताऱ्याने लोकसभेवर नाना पाटलांना, म्हणजे कम्युनिस्ट उमेदवाराला, निवडून पाठवले. त्याच वर्षी केरळात कम्युनिस्ट सरकार आले आणि परदेशी निरीक्षक भारताच्या नकाशावर लाल खुणा मोजू लागले. त्यांच्यापैकी कोणी साताऱ्यावर लाल खूण केली असेल, तर ती अर्धीच खरी होती. इथला कौल मॉस्कोला नव्हता. तो संयुक्त महाराष्ट्राला होता, आणि प्रतिसरकारच्या नायकाविषयीच्या कृतज्ञतेला होता.

८/
त्याच निवडणुकीत द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री असलेले यशवंतराव कराडमधून विधानसभेला उभे होते. समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची वाताहत झाली; मुख्यमंत्र्यांना स्वतःच्या गावात जेमतेम मताधिक्याने निसटता विजय मिळाला. मतदारांचा निरोप स्पष्ट होता : तुमचा मान आहे, पण तुमची भूमिका आम्हाला मान्य नाही. पुढील तीन वर्षे यशवंतरावांनी हाच निरोप दिल्लीच्या गळी उतरवला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले.

९/
ही तीन वर्षे म्हणजे त्यांची मुत्सद्देगिरीची शाळा होय. एका बाजूस रस्त्यावर उतरलेली जनता, दुसऱ्या बाजूस ताठर श्रेष्ठी. एकाशी नाते तोडून दुसऱ्याकडे जाता येत नव्हते आणि दोघांचीही मने वळवणे आवश्यक होते. वेळ लागला, टीका झाली, ‘नेहरू मोठे की महाराष्ट्र’ यावरून त्यांना बोल लागले. परंतु अखेरीस निर्णय दोन्ही बाजूंनी मान्य केला. अशा निर्णयाचा टिकाऊपणा त्यांनी तेव्हा अनुभवला.

१०/
ऑक्टोबर १९६२ मध्ये जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर होते. क्यूबात सोव्हिएत क्षेपणास्त्रे सापडल्याने अमेरिका आणि रशिया आमनेसामने आले होते. नेमक्या त्याच काळात, २० ऑक्टोबरला, चीनने हिमालयात आक्रमण केले. क्यूबाच्या संकटात चीनची साथ हवी असल्याने सोव्हिएत संघाने आरंभी भारताची बाजू घेतली नाही. अलिप्ततावादी भारताला पहिल्यांदाच पश्चिमेकडे शस्त्रांसाठी हात पसरावा लागला.

११/
कृष्ण मेनन यांना पद सोडावे लागले. यशवंतरावांनी २१ नोव्हेंबर १९६२ रोजी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली आणि त्याच सुमारास चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. म्हणजे सह्याद्री पोहोचला तेव्हा हिमालयातील तोफा थांबत होत्या. त्यांच्या वाट्याला युद्धानंतरचे काम आले : खचलेले सैन्य उभे करणे, त्यासाठी शस्त्रे आणि पैसा मिळवणे, आणि ते करताना देश कुणाच्या दावणीला बांधला जाणार नाही हे पाहणे.

१२/
हे तिसरे काम सर्वांत कठीण होते. मदतीची बोलणी करायला अमेरिकेचे अॅव्हरेल हॅरिमन आणि ब्रिटनचे डंकन सँडिस दिल्लीत दाखल झाले. मदतीसोबत काश्मीरचा विषयही आला. त्यांच्या आग्रहाने डिसेंबर १९६२ ते मे १९६३ या काळात स्वर्णसिंग आणि भुट्टो यांच्यात चर्चेच्या सहा फेऱ्या झाल्या आणि निष्फळ ठरल्या. संकटात मिळणारी मदत विनाअट नसते, हा धडा दिल्लीने त्या हिवाळ्यात गिरवला.

१३/
दरम्यान नव्या संरक्षणमंत्र्याला लोकसभेची जागा हवी होती. १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत यशवंतराव बिनविरोध निवडून आले. १९५७ मध्ये काठावर निवडून आलेला माणूस सहा वर्षांनी प्रतिस्पर्ध्यावाचून संसदेत गेला. देशावरील संकटात विरोधकांनी दाखवलेला हा मोठेपणा होता. मात्र इथूनच एक गोष्ट सुरू झाली, जिचा विचार या थ्रेडच्या उत्तरार्धात करावा लागेल : मतदाराचा कठोर प्रश्न हळूहळू त्यांच्या वाटेतून दूर झाला.

१४/
मे १९६४ मध्ये यशवंतराव वॉशिंग्टनला गेले. मॅक्नामारा यांच्याशी बोलणी झाली. भारताला एफ-१०४ ही स्वनातीत लढाऊ विमाने हवी होती. पाकिस्तानला ती आधीच मिळाली होती. अमेरिकेने इतर मदतीची तयारी दाखवली, पण या विमानांना नकार दिला. हा दौरा चालू असतानाच २७ मे रोजी नेहरूंच्या निधनाची बातमी आली आणि यशवंतराव तातडीने परतले.

१५/
तीनच महिन्यांनी ते मॉस्कोत होते. मिग-२१ विमाने भारतात बांधण्याच्या व्यवहाराला तेथे पक्के रूप आले. हा व्यवहार मुळात मेनन यांच्या काळात, १९६२ च्या उन्हाळ्यात ठरलेला. ज्याच्या जागी आपण आलो त्याचे सगळे मोडून काढण्याचा मोह सत्तेत नेहमीचा असतो. मेनन यांच्यावर तर तेव्हा सारा देश चिडलेला होता. यशवंतरावांनी माणूस आणि धोरण यांत फरक केला. नाशिकजवळच्या ओझरला उभा राहिलेला विमान कारखाना हे त्याचे फळ.

१६/
पाणबुड्यांचीही तीच कथा. ब्रिटनशी बोलणी केली, ती जमली नाहीत, मग सोव्हिएत संघाशी करार झाला. तेथूनच घेतलेली देशाची पहिली पाणबुडी ‘कलवरी’ १९६७ मध्ये नौदलात दाखल झाली. कृष्णाकाठचा शेतकरी यातले तत्त्व चटकन ओळखेल. सगळी जमीन एकाच सावकाराकडे गहाण टाकायची नसते. दुसऱ्या सावकाराच्या ओसरीवर आपण जाऊन आलो, एवढे पहिल्याला कळले तरी त्याची भाषा बदलते.

१७/
या शहाणपणाची परीक्षा १९६५ मध्ये झाली. १ सप्टेंबरला छांबच्या आघाडीवर पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले, तेव्हा हवाई दल वापरण्याची संमती यशवंतरावांनी तात्काळ दिली. काही दिवसांतच अमेरिका आणि ब्रिटन यांनी दोन्ही देशांचा शस्त्रपुरवठा रोखला. सप्टेंबरच्या मध्यास चीनने सिक्कीम सीमेवरून निर्वाणीचा इशारा दिला. भारत एकाच पुरवठादारावर विसंबला असता, तर हे दिवस कसे गेले असते याची कल्पना करावी.

१८/
युद्धाचा शेवट सोव्हिएत भूमीवर झाला. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला पंतप्रधान शास्त्रींबरोबर यशवंतरावही होते. १० जानेवारीला करार झाला. हाजी पीर खिंड, जी जवानांनी रक्त सांडून घेतली होती, ती परत द्यावी लागली. त्याच रात्री शास्त्रींचे निधन झाले. हाजी पीरवरून आजही राग व्यक्त होतो आणि तो समजण्यासारखा आहे. परंतु भारत-पाकिस्तान भांडणात अमेरिका आणि रशिया दोघांनाही त्या घडीला तह हवा होता. तो झिडकारून एकट्याने उभे राहण्याएवढे बळ तेव्हा देशाच्या कोठारात नव्हते.

१९/
कोठाराचा उल्लेख शब्दशः घ्यावा. १९६५ आणि १९६६ ही दुष्काळाची वर्षे. अमेरिकेचा गहू ‘पीएल ४८०’ योजनेखाली येत होता आणि जॉन्सन यांचे प्रशासन जहाजे हात आखडून सोडत होते. व्हिएतनामवरील भारताची टीका त्यांना खुपत होती. खटाव, माण, जत, आटपाडी या भागांतील रेशन दुकानासमोरची रांग आणि वॉशिंग्टनमधील एक सही यांचा असा थेट संबंध होता. मिलोची लाल भाकरी खाल्लेल्या पिढीला परराष्ट्रनीतीची चव माहीत होती.

२०/
१९६७ मध्ये यशवंतराव लोकसभेसाठी साताऱ्यातून उभे राहिले. नाना पाटील त्या निवडणुकीत बीडमधून निवडून आले. पुढे १९७१, १९७७ आणि १९८० : सलग चार वेळा साताऱ्याने यशवंतरावांनाच पाठवले. गृह, अर्थ आणि परराष्ट्र ही खाती त्यांनी याच काळात सांभाळली. मतदारसंघाची काळजी नसलेला मंत्री दूरवरच्या वाटाघाटींत घाई करत नाही; पुढच्या सभेत टाळ्या मिळाव्यात म्हणून तो शब्द वाढवून बोलत नाही. साताऱ्याने देशाला दिलेली ही देणगी कोणत्याही इतिहासाच्या पुस्तकात नोंदलेली नाही.

२१/
ऑक्टोबर १९७४ मध्ये ते परराष्ट्रमंत्री झाले. बांगलादेशच्या युद्धात अमेरिकेने बंगालच्या उपसागरात ‘एंटरप्राइझ’ जहाज धाडल्याला जेमतेम तीन वर्षे झाली होती. सोव्हिएत संघाशी १९७१ चा मैत्री करार होता. अशा वेळी महिना संपण्याच्या आत हेन्री किसिंजर दिल्लीत आले आणि भारत-अमेरिका संयुक्त आयोगाच्या करारावर त्यांनी व यशवंतरावांनी सह्या केल्या. एका मित्राला न दुखावता रुसलेल्या दुसऱ्याशी बोलणे सुरू करणे, हे त्यांचे जुनेच काम होते.

२२/
फेब्रुवारी १९७५ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानवरील शस्त्रबंदी उठवली. यशवंतरावांचा वॉशिंग्टन दौरा ठरलेला होता. तो पुढे ढकलून त्यांनी निषेध नोंदवला. दार मात्र आपटले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते संयुक्त आयोगाच्या बैठकीस गेले. नाराजी सांगावी, पण परतीची वाट बुजवू नये, ही त्यांची रीत या एका वर्षात नेमकी दिसते.

२३/
आता या साऱ्या कथेतील सर्वांत महत्त्वाचा दिवस. १५ एप्रिल १९७६ रोजी यशवंतरावांनी लोकसभेत जाहीर केले की भारत चीनमध्ये पुन्हा राजदूत पाठवणार, के. आर. नारायणन यांची नियुक्ती झाली. १९६१ पासून बीजिंगमध्ये भारताचा राजदूत नव्हता. चीनने केलेल्या पराभवामुळे जो माणूस दिल्लीत आला, त्यानेच चौदा वर्षांनी चीनशी बोलण्याचे दार उघडले. त्याच वर्षी पाकिस्तानशीही राजनैतिक संबंध पूर्ववत झाले.

२४/
१९६२ चे स्मारक म्हणून आपण शपथविधीचा दिवस आठवतो. आठवायला हवा तो १९७६ चा हा दिवस. शत्रूवर धावून जाण्याची घोषणा सोपी असते. ज्या शत्रूने अपमान केला त्याच्याशी, आपला दावा न सोडता आणि सैन्य सज्ज ठेवून, पुन्हा बोलणे सुरू करणे अवघड असते. फेब्रुवारी १९७९ मध्ये परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनला जाऊ शकले, ते १९७६ मध्ये घातलेल्या या पायरीवरून. पक्ष बदलला, सरकार बदलले, पायरी टिकली.

२५/
इथे थांबले तर हा गौरवलेख होईल आणि तो अर्धवट असेल. कारण १९७६ हे आणीबाणीचे वर्ष होते. २५ जून १९७५ ला आणीबाणी आली. विरोधी नेते तुरुंगात गेले, वृत्तपत्रांवर बंधने आली. पाश्चात्त्य देशांतून टीका झाली, तर सोव्हिएत संघाने इंदिरा गांधींची पाठराखण केली. देशाचे परराष्ट्रमंत्री यशवंतराव होते. ब्रिटिशांच्या राज्यात भूमिगत झालेल्या, प्रतिसरकारचा मुलूख पाहिलेल्या या नेत्याने ना राजीनामा दिला, ना जाहीर विरोध केला.

२६/
दिल्लीत त्यांना ‘कुंपणावरचा माणूस’ म्हणत. टीकाकारांचे म्हणणे असे की दोन्ही बाजू सांभाळण्याचा त्यांचा स्वभावच होता. परदेशात त्याला मुत्सद्देगिरी म्हणतात आणि घरी कचखाऊपणा. ही टीका अन्यायाची नाही, पण ती एक भेद विसरते. दोन महासत्तांच्या मधोमध उभे राहिले तर पायाखाली आपला देश असतो. लोकशाही आणि तिची गळचेपी यांच्या मधोमध उभे राहायला जागाच नसते. यशवंतरावांनी दोन्ही ठिकाणी एकच तराजू वापरला, हा त्यांचा दोष.

२७/
या दोषात साताऱ्याचा वाटा नव्हता काय? १९५७ मध्ये ज्या मतदारांनी मुख्यमंत्र्याला काठावर आणून जाब विचारला, त्यांनी १९७७ मध्ये तसे केले नाही. उत्तर भारतात काँग्रेस भुईसपाट झाली, खुद्द इंदिरा गांधी पडल्या, महाराष्ट्रातही पक्षाच्या ४८ पैकी २० जागा उरल्या. यशवंतराव साताऱ्यातून निवडून आले आणि लोकसभेत विरोधी पक्षनेते झाले. माणसावरील माया धोरणाच्या हिशोबापेक्षा मोठी ठरली. काठावरच्या विजयाने जे शिकवले होते, ते सुरक्षित विजयांनी शिकवले नाही.

२८/
शेवटचा अंक १९७९ च्या हिवाळ्यात घडला. मोरारजी देसाईंचे सरकार जुलैत कोसळले, आणि ते यशवंतरावांनी मांडलेल्या अविश्वास ठरावाच्या निमित्ताने. चरणसिंग पंतप्रधान आणि यशवंतराव उपपंतप्रधान झाले. ऑगस्टमध्ये लोकसभा विसर्जित झाली, सरकार काळजीवाहू उरले. ३ आणि ६ जानेवारी १९८० या मतदानाच्या तारखा ठरल्या. प्रचार ऐन भरात असताना, डिसेंबरच्या अखेरीस, सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या.

२९/
चरणसिंग सरकारने सोव्हिएत राजदूतांना बोलावून फौजा मागे घेण्याची अपेक्षा कळवली. आठवडाभरात निकाल लागले आणि इंदिरा गांधींना ३५३ जागा मिळाल्या. ११ जानेवारीला संयुक्त राष्ट्रांत ब्रजेश मिश्र यांनी मांडलेली भारताची भूमिका सूत्रे हाती घेणाऱ्या नेतृत्वाच्या मताप्रमाणे मवाळ झाली होती. १४ जानेवारीला इंदिराजींचा शपथविधी झाला. त्याच दिवशी फौजा मागे घेण्याच्या ठरावाच्या बाजूने १०४ देशांनी मत दिले, १८ विरोधात गेले. भारत तटस्थ राहिला. एका निवडणुकीने दोन आठवड्यांत देशाचा जागतिक सूर बदलला.

३०/
त्या निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसकडे गेल्या. त्यांच्या विरोधातील काँग्रेस गटाचा राज्यात एकच उमेदवार निवडून आला : साताऱ्याचे यशवंतराव. ही निष्ठा हेलावून टाकणारी आहे. तरीही काबूलमधील रणगाड्यांविषयी आपल्या उपपंतप्रधानांचे मत काय, हा त्या निवडणुकीचा मुद्दा नव्हता. मत माणसाला मिळाले. पुढे यशवंतराव इंदिराजींच्या पक्षात परतले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. कराडच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे.

३१/
हे सारे आज का उगाळायचे? कारण महासत्तांची ओढाताण पुन्हा सुरू आहे. नावे थोडी बदलली आहेत. तासगावचा बेदाणा आजही अफगाणी बेदाण्याबरोबर एकाच बाजारात उभा असतो. सांगलीची हळद आणि द्राक्षे परदेशी बंदरांवर आणि तिथल्या करांवर अवलंबून असतात. अपशिंगेसारख्या गावांतील मुले आजही लडाखपासून अरुणाचलपर्यंत तैनात असतात. लांबच्या राजधानीतील निर्णय या दोन जिल्ह्यांच्या शेतात आणि घरात तितक्याच लवकर पोहोचतो.

३२/
आणि तरीही प्रचारसभेत परराष्ट्रनीती येते ती घोषणा म्हणून. कोणी किती कडक बोलले, कोणी कुणाला धडा शिकवला, यावर टाळ्या पडतात. ‘सह्याद्री धावला’ या वाक्याने नकळत हीच सवय लावली आहे. यशवंतरावांच्या चरित्रातून काढायचा निष्कर्ष वेगळा आहे : त्यांनी मिळवून दिलेले बहुतेक सारे आवाज न चढवता, दोन ओसऱ्यांवर जाऊन, पुष्कळ वेळ घेऊन मिळवले.

३३/
अशा संयमी माणसाला मतदारसंघाची निश्चिंती देणे हे साताऱ्याचे शहाणपण होते. निश्चिंती देताना प्रश्न विचारणे सोडून देणे ही चूक होती. १९५७ चा मतदार आणि १९८० चा मतदार यांच्यातला उत्तम गुण एकत्र करता आला, तर प्रतिनिधीला बाहेर तोलून बोलण्याची मुभा मिळेल आणि घरी लोकशाहीच्या बाबतीत तोलून बोलण्याची सोय उरणार नाही. मान द्यावा आणि जाबही विचारावा. प्रतिसरकारच्या मुलखाला ही गोष्ट नव्याने शिकवण्याची गरज नसावी.